रक्तात नाही, हातात

प्रीमियर पद्मिनी बंद होऊन वीसेक वर्षं उलटली. खिडकीची चकचकीत पट्टी मोडली तर दुकानात मिळणं कठीण. मग कारागीर पितळेची पट्टी तापवून मऊ करतो, लाकडी साच्यावर ठोकून वळवतो, कानस मारतो, घासतो. वर निकेल-क्रोमचा मुलामा. गाडीवाला खूश. म्हणतो, 'कला याच्या रक्तातच हाय!'

मित्रांनो, ही शाबासकी घातकी आहे. रक्तातल्या गोष्टीची मजुरी कोण देतो? अन् मग पोराला शाळा कशाला? जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवलं. १९५० ला आपल्या औरंगाबादेत कॉलेज काढलं. हुन्नर सरावानं येतो. त्याचा दाम रोख द्या; पोराचा रस्ता पोराला निवडू द्या.