दोष कुणाचा, उत्तर कुणाचं?

मागच्या पावसाळ्यात भाईंदरला खाडीकाठी, मिठागरांपलीकडच्या बांधावर आम्ही पाण्याची पातळी मोजणारं एक यंत्र बसवलं. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आणि १०,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी. झोपेत बोर्ड ३ मिलीअँपिअर खातो, म्हणजे बॅटरी साडेचार महिने पुरायला हवी. ती नवव्या दिवशी संपली. बदलली, तरी पुन्हा तेच.

बॅटरी बदलायला काका जायचे, गुडघाभर चिखलातून. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "ते कनेक्शन नीट करत नसतील." मी मान डोलावली. माझ्या टेबलावर तसाच दुसरा बोर्ड गुपचूप झोपत होता ना!

शेवटी काकांनी खाडीवरचा बोर्डच मीरा रोडच्या ऑफिसात आणून दिला. डीबगिंगची केबल लावली की बोर्ड तसाही जागा राहतो, म्हणून ती काढून नुसता करंट मोजत बसले. काही वेळ ३. मग एकदम ४५, आणि पुन्हा खाली येईचना. खाऱ्या हवेनं सेन्सरची पिन गंजली होती. तो मधूनच हाकेला ओ द्यायचा नाही. माझं टेबल कोरडं, म्हणून तिथे ही वेळ कधी आलीच नव्हती.

पण सेन्सर उठला नाही तर बोर्ड जागा का राहावा?

सोसायटीच्या हॉलची वही आठवा. आत जाताना नाव लिहायचं, निघताना खोडायचं. वहीत एकही नाव उरलं नाही की वॉचमन दिवे बंद करतो. कर्नल प्रत्येक भागासाठी अशीच मोजणी ठेवतो. गोम अशी, की सेन्सरला उठवणारं 'पीएम रनटाइम गेट सिंक' हे फंक्शन आधी नाव लिहितं, मग दार ढकलतं. दार उघडलं नाही तरी नाव वहीत राहतं. माझा कोड दार बंद बघून सरळ घरी परतत होता. नाव तसंच. मोजणी शून्य हवी होती, ती ३१ होती. सेन्सरचा कप्पा जागा, म्हणून सगळी चिप खोल झोपेत जाईना.

ही चूक करणारी मी एकटी नव्हे. २०२० मध्ये लिनक्सच्या कितीतरी ड्रायव्हरांत हीच चूक सापडली आणि एकेक करून दुरुस्त होत गेली. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ५.१० कर्नलमध्ये नवं फंक्शन आलं. दार उघडलं नाही, तर ते लिहिलेलं नाव स्वतःच खोडतं. इतके जाणते लोक एकाच खड्ड्यात पडत असतील, तर दोष चालणाऱ्याचा की रस्त्याचा?

त्या रात्री विरार लोकलमध्ये मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्यात माझी सुटका होती. मी तर जुना ड्रायव्हर बघूनच कोड लिहिला होता. रस्त्याचा दोष खराच आहे, आणि तो दुरुस्त व्हायलाच हवा. माणसाला 'नीट बघून चाल' एवढंच सांगून खड्डे बुजत नाहीत.

पण माझ्या सोयीच्या या युक्तिवादात काका कुठेच नव्हते. फंक्शन फसवं होतं म्हणून चूक झाली, हे मान्य. मान डोलावायला मात्र मला कुठल्याच फंक्शननं सांगितलं नव्हतं. स्वतःला रस्त्याचा फायदा द्यायचा आणि चिखलातून चालणाऱ्याला तो नाकारायचा, हा कुठला न्याय? चुकीचं कारण दहा ठिकाणी वाटलेलं असू शकतं. आपल्यामुळे ज्याच्यावर बोट रोखलं गेलं, त्याला उत्तर देणं मात्र आपल्याच वाट्याला येतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, की बॅटरी माझ्या कोडमुळे संपत होती, काकांचं कनेक्शन पहिल्यापासून ठीक होतं. दोन मिनिटं शांतता, मग पुढचा विषय.

काकांना फोन केला. माफी मागितली. ते थोडं थांबले. "बरं झालं सांगितलंत, मॅडम," ते म्हणाले. "मी घरी जाऊन रोज स्क्रू आठवायचो, कुठला सैल राहिला म्हणून."

यंत्र झोपत नव्हतं, एवढंच मी मोजलं होतं.