नवस, दान आणि ऋण

रांजणगावच्या महागणपतीला बोललेला नवस हा एक करारच असतो: तू हे दे, मी ते वाहीन. स्थळाची कथाही तशीच. गणेशाला न स्मरता त्रिपुरासुरावर चालून गेलेल्या शंकराला यश आले नाही, स्मरण केले तेव्हा आले. नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालणाऱ्याला मात्र असा करार करता येत नाही. वाट्याला औषध येणार की तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, हे त्याला आणि पुष्कळदा डॉक्टरलाही ठाऊक नसते. म्हणून याला दान म्हणतात. मला तो शब्द खटकतो, कारण दानात देणाऱ्याचा हात वर राहतो. आपण घेतो ती प्रत्येक गोळी आधी कुणा अनोळख्याने घेऊन पाहिलेली असते. तेव्हा हे ऋण आहे. ऋषींचे ऋण ऋषींना परत करायचे नसते, शिकून पुढच्याला शिकवले की ते फिटते. हेही तसेच.

आपल्या वतीने दुसऱ्याने ते फेडले तर चालेल का? ल्युपस पाहा. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांत त्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या दुप्पट-तिप्पट. तिथे २०११ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनंतर, या रोगासाठी बेलिमुमॅब हे नवे औषध मंजूर झाले. पण चाचण्यांत कृष्णवर्णीय इतके थोडे होते की त्यांना ते कितपत लागू पडते हे नीट सांगता येईना. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागली, आणि तिनेही निर्विवाद उत्तर दिले नाही. ज्यांना रोग जास्त, त्यांच्याविषयीचे ज्ञान कमी! यावर कुणी म्हणेल, त्यांनी विश्वास तरी का ठेवावा? अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, उपचाराविना नुसता न्याहाळला गेला. हा संशय अडाणीपणा नव्हे. ऋण खरे असले तरी वसुली सावकारी असू शकते, हे पुणे जिल्ह्याला वेगळे सांगायला नको: १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ज्यांवर अनेकांनी मजकूर न कळता अंगठे उठवले होते. न समजता सही केलेले संमतिपत्र त्याच जातीचे. म्हणून फेडायचे की नाही हे ऋणकोने ठरवायचे, आणि ठरवल्यावरही मध्येच उठून जाण्याची मुभा त्याला हवी.

सर्वांत अवघड आक्षेप रांजणगावच्याच शिरूर तालुक्यात सापडतो. रोटा विषाणूच्या जुलाबावरच्या रोटाव्हॅक लशीच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम संशोधन केंद्राचे काम चालते ते या तालुक्यातले वढू बुद्रुक इथली मिळून ६,७९९ बाळे होती, सहा-सात आठवड्यांची. एवढ्याशा जिवाला कसले ऋण आणि कसली संमती? इथे माझा युक्तिवाद लंगडतो, हे कबूल. होकार आईबापांचा असतो, आणि तो बाळाच्या ऋणातून नव्हे, पालकत्वातून येतो. त्यामुळे जोखमीची मर्यादाही मोठ्यांपेक्षा कडक हवी. पण तान्ह्यांचा जुलाब तान्ह्यांतच तपासावा लागतो. तीनांतल्या एका बाळाला लस मिळाली नाही. त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणूनच रोटाचा तीव्र जुलाब पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक टळतो हे कळले, आणि २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात देता आली.