साहेब विचारतो, पाटील सांगतो

महाभारतातल्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. नेहमी खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं. माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला. दरोडेखोरापुरता प्रश्न निकालात निघाला. पण विचारणारा दरोडेखोर नसून कमिशनर असला तर? आमच्या बाळापूर भागातल्या लोकांनी हा पेच कोणा शास्त्रीबुवाला न विचारता सोडवला, असा माझा तर्क आहे.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मग साहेब लोक चौकशीला निघाले. आल्फ्रेड लायल हा 1867 पासून पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर. 1870 साली त्याने वऱ्हाडचं गॅझेटिअर सिद्ध केलं. जमीन, पिकं, जाती, गावचे वतनदार, सारं त्यात आलं. गृहस्थ कवीही होता, म्हणजे नजर बरी होती. पुढे त्याने वऱ्हाडातल्या देवांवर एक मोठा निबंध लिहिला. दगडाला लोक देव कसे मानतात, मेलेला साधू हळूहळू देव कसा होतो, याचा त्याने इतका खोल विचार केला की आमच्या गुरवाने जन्मात केला नसेल. (गुरवाला नारळ फोडायचे असतात, त्याला वेळ कुठला!)

हे वाचताना मौज वाटते आणि थोडा रागही येतो. आपल्या खापरपणज्याला कोणीतरी भिंगाखाली धरलंय असं वाटतं. पण साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला, की फक्त साहेबच गावाकडे पाहत होता असं थोडंच आहे? गावही तंबूकडे पाहत होतं. आणि गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : लिहिणारा हात आणि शेतसारा घेणारा हात एकच. त्याच सुमारास मोजणीवाले शेताशेतांतून फिरून जमिनीची प्रत आण्यांत ठरवत होते. अशा वेळी "जमीन कशी आहे?" या प्रश्नाला "लोण्यासारखी, साहेब" म्हणणाऱ्या पाटलाला गावाने पाणी तरी दिलं असतं का? तो म्हणाला असणार, "काई खरं नाई साहेब. पानी नाई, बैल मेले." मग साहेबाने वहीत लिहिलं असणार की इथली रयत फार रडकी आहे. दोघेही आपापल्या कामाला चोख!

हा काही एकट्या वऱ्हाडाचा बेरकीपणा नव्हे. तिकडे न्यू गिनीत 1975 साली स्वातंत्र्य येईपर्यंत ऑस्ट्रेलियाचे अंमलदार डोंगर तुडवत गावोगाव जात. लोक त्यांना 'कियाप' म्हणत. ते माणसं रांगेत उभी करून मोजत आणि अहवाल लिहीत. तिथेही डोईपट्टी होती. डोकं मोजलं की पट्टी येते, हे कळायला शाळा लागत नाही.

तेव्हा पाटील खोटं बोलला, यात पाप नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. एका गोष्टीपाशी मात्र अडतो. 1899-1900 साली वऱ्हाडात खरोखरच मोठा दुष्काळ पडला. चाळीस वर्षं 'पीक नाही' ऐकून ज्या कचेरीचे कान किटले होते, तिला त्या वर्षी 'पीक नाही' म्हणजे नेमकं काय ऐकू आलं असेल? खोट्याची किंमत सांगणाऱ्याने दिली नाही. ती त्याच्या नातवाने दिली असेल. पण मग खरं सांगून सारा वाढला असता, तो कोणी दिला असता?

आमच्या आत्यापुढे असले प्रश्न उभे राहत नाहीत. 2011 च्या शिरगणतीआधी, 2010 च्या उन्हाळ्यात, घरोघरची यादी करायला एक मास्तर आले. पस्तीस प्रश्न होते.

"आजी, घरी टीव्ही आहे का?"

"नाई."

आत कोणीतरी सासू सुनेवर ओरडत होती, पार्श्वसंगीतासकट.

"मग आत कोन बोलून रायलं?"

"थे शेजारचं हाये."

मास्तर घाम पुसत राहिले. मी हळूच म्हटलं, "आत्या, खरं सांग ना. यात काय जातं?"

"तुयं काय जाते रे बाबू? उद्या पिवळं कार्ड गेलं तं गहू तू देशीन का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून त्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहू लागलो, तर त्यांनी डाव्या हाताने कागद झाकला.