भाड्याच्या घराचा हिशेब

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी किंवा आखातात राबून साठवलेली कमाई एखाद्या घरात गुंतवावी आणि त्याच्या भाड्यावर उतारवय निश्चिंतपणे जावे, ही आपल्या कुटुंबांतील स्वाभाविक इच्छा आहे. तिच्यात गैर काहीच नाही. मात्र असे घर घेण्यापूर्वी आपण नेमके काय पारखतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

समजा, ४० लाखांची सदनिका दरमहा १०,००० रुपये भाड्याने जाईल, असे दलाल सांगतो. वर्षाचे १,२०,००० झाले. म्हणजे शेकडा ३. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च व घरपट्टी यांचे २४,०००, घर रिकामे राहील त्या एका महिन्याचे १०,००० आणि दुरुस्तीचे १०,००० वजा केले, की उरतात ७६,०००. म्हणजे शेकडा २ सुद्धा नाही. घराची किंमत पुढे वाढेलही. पण ती वाढ घर विकल्यावरच हाती येते.

हा हिशेब टाळणारा केवळ स्वतःलाच फसवतो, असे वरवर पाहता वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. न मोजलेली तूट कुणाकडून तरी वसूल होतेच. अकरा महिन्यांचा करार संपताच अवाजवी वाढ मागितली जाते. गळके छत तसेच राहते. मुलांची शाळा मध्येच सुटेल या धास्तीने भाडेकरू कुटुंब मुकाट्याने सोसते. मालकाने न केलेल्या वजाबाकीची भरपाई अशा रीतीने दुसराच करतो.

अन्याय मालकावरही होऊ शकतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी इतकी गोठवली, की कित्येक इमारतींची दुरुस्तीही त्यांतून होईना. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. दुरुस्तीचाही खर्च न भागवणारे भाडे शेवटी मालक आणि भाडेकरू दोघांनाही पडक्या भिंतींत ठेवते.

संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात खाजगी मालकी मान्य केली. परंतु वस्तूचा उपयोग करताना ती सर्वांची मानून गरजूला वाटा द्यावा, असेही सांगितले. याचा अर्थ घर फुकट द्यावे, असा नव्हे. रास्त भाडे घ्यावे. मात्र ते रास्त आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच तपासावे. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. आपलाच मुलगा परगावी नोकरीला गेला आणि त्याला याच घरात, याच भाड्याने, याच अटींवर राहावे लागले, तर आपण समाधानी असू का? ज्या भाड्याला आपण होकार देऊ, तेच हिशेबात धरावे. तेवढ्यात व्यवहार जमत नसेल, तर ते घर आपण घेऊ नये.