बसण्याचे पैसे

मराठी मध्यमवर्गाचं सगळं नीतिशास्त्र एका शब्दात सांगता येतं, आणि तो शब्द म्हणजे 'वसूल'. सत्य, अहिंसा, अस्तेय वगैरे आपण मानतोच. पण ती भिंतीवरच्या तसबिरींसारखी. रोजच्या वापरातलं तत्त्व म्हणजे वसूल. आहेर दिलाय तर जेवण वसूल, तिकीट काढलंय तर खिडकी वसूल. अनलिमिटेड थाळीपुढे बसलेला मराठी माणूस एकदा नीट बघा. चौथ्या पुरणपोळीला त्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते आनंदाचे नसतात. ते कर्तव्याचे असतात.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, हिणवण्यासारखं काही नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर चहात साखर चमच्याच्या टोकाने पडायची, त्या घरात 'वाया घालवू नये' यापेक्षा मोठा धर्म कुठला असणार? आमच्या पिढीला भगवद्गीता नंतर कळली, पानात टाकायचं नाही हे आधी कळलं. तेव्हा तत्त्व चांगलंच आहे. अडचण होते ती हे तत्त्व पासपोर्ट काढून युरोपला जातं तेव्हा.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं तीन-चार वेळा युरोपात जाऊन आलो. आमची पद्धत ठरलेली. एका खेपेला एक गाव, फार तर दोन. एक खोली घ्यायची, दूध-पाव-भाजी आणायची आणि सकाळी पाय नेतील तिकडे जायचं. ही पद्धत आमच्या सोसायटीत कुणालाही पसंत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अकरा दिवसांत नऊ देश 'करून' आले. पूर्वी लोक चार धाम करत, आता देश करतात. लिश्टेनश्टाइन हा पुरता देशच १६० चौरस किलोमीटरचा; बसमध्ये त्यांना जरा डुलकी लागली आणि तेवढ्यात तो होऊन गेला. पण यादीत आहे.

त्यांनी मला विचारलं, "व्हिएन्नात आठ दिवस? करत काय होतात आठ दिवस?"

मी म्हटलं, "बसलो होतो."

त्यांनी माझ्याकडे न बघता हिच्याकडे सहानुभूतीने बघितलं.

पण व्हिएन्नात बसणं ही खरोखरच एक संस्था आहे हो. तिथल्या जुन्या कॉफीहाउसात कॉफी येते ती छोट्या तबकातून, सोबत पाण्याचा ग्लास घेऊन. वर्तमानपत्रं लाकडी दांडीला अडकवून ठेवलेली. एका कपावर माणूस दोन तास बसला तरी त्याला कुणी उठवत नाही. आपल्याकडे हॉटेलातला पोऱ्या टेबल पुसता पुसता आपल्यालाही थोडा पुसून जातो; इराण्याच्या भिंतीवर तर फार वेळ बसू नये अशी पाटीच असायची. ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत हे कॉफीहाउसात बसणं रीतसर नोंदवून घेतलं. म्हणजे आम्ही तिथे वेळ घालवत नव्हतो, वारसा जपत होतो. हे मी तिसऱ्या मजल्यावर सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

इटलीत मात्र याच बसण्याचे पैसे पडतात. तिथल्या कॅफेंत पुष्कळदा एकाच कॉफीचे दोन दर असतात. काउंटरशी उभ्याने प्यायलात तर एक, टेबलाशी बसून प्यायलात तर दुसरा. आणि हा दुसरा पहिल्याच्या दुपटी-तिपटीच्याही पुढे जातो. व्हेनिसच्या सॅन मार्को चौकात तर वाजंत्री चालू असली तर तिचे आणखी निराळे. दर वाचून ही म्हणाली, "अहो, म्हणजे हे खुर्चीचं भाडं?"

"खुर्चीचं आणि सनईचं."

हिने मनात रुपये केले. परदेशात आपली गृहिणी प्रत्येक आकड्याचे रुपये करते तेव्हा तिच्या कपाळावर जी आठी उमटते, ती गणिताच्या कुठल्याही प्राध्यापकाला शोभावी अशी असते. मला वाटलं, आता उभ्याने. पण ही म्हणाली, "बसू या. मात्र एकदा बसलं की दोन तास उठायचं नाही!"

वसूल हे तत्त्व जन्मात प्रथमच माझ्या बाजूने उभं, म्हणजे बसलेलं, मी पाहिलं.

त्या दोन तासांत काय घडलं? काहीही नाही. ऊन एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर गेलं. एक म्हातारी बाजाराची चाकांची पिशवी ओढत, गर्दीतून वाट काढत, कुणाकडेही न बघता निघून गेली. पावसाळ्यात आपल्याच गल्लीत साचलेल्या पाण्यातून आपण जातो ना, तशी. तिला दोष कसा द्यावा? व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. ज्या घरात राहणाऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त, त्या घरातली म्हातारी अशीच चालणार.

आणि मग ही एकदम म्हणाली, "आपण दोघं काही काम नसताना असे शेवटचे कधी बसलो होतो?"

आम्ही दोघांनी आठवायला सुरुवात केली. चाळीस वर्षांचा संसार. सिनेमाला बसलो होतो, पण तिथे सिनेमा होता. लग्नकार्यात बसलो होतो, पण तिथे नातेवाईक होते. खूप मागे गेल्यावर एक जागा सापडली. माझे वडील आजारी होते तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेरचं बाकडं. तिथे आम्ही दोघं सलग तीन रात्री शेजारी शेजारी बसलो होतो. चाळीस वर्षांत विनाकाम शेजारी बसायला आम्हाला एक बाकडं मिळालं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या दुखण्याने.

वाजंत्री चालू होती. पैसे चालू होते. आम्ही आणखी अर्धा तास बसलो.

आता कुणी म्हणेल, बरोबर आहे तुमचं, संथ प्रवास हाच खरा प्रवास. थांबा. इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

आरामात फिरणं ही मुळात श्रीमंतांची मिरास. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधले बड्या घरचे चिरंजीव 'ग्रँड टूर'ला निघायचे ते बरोबर शिक्षक आणि नोकर घेऊन, आणि एकदा गेले की वर्ष-दोन वर्षं परतायचे नाहीत. इटलीत निवांत बसायला त्यांना वेळ होता, कारण घरी शेतावर दुसरं कुणीतरी राबत होतं. मग ५ जुलै १८४१ या दिवशी थॉमस कुक नावाच्या, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या गृहस्थाने सुमारे पाचशे लोकांना माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेऊन आणलं. टोळीने, घाईने आणि स्वस्तात. आज झेंड्यामागे धावणाऱ्या प्रत्येक सहलीचा हा मूळपुरुष. फ्रान्समध्ये सगळ्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळायला १९३६ साल उजाडलं. ज्याला आयुष्यात दोनच आठवडे मिळतात, तो धावणार नाही तर काय करील? घाई हा गरिबाने श्रीमंताच्या बागेत शिरायला शोधलेला दरवाजा आहे. त्या दरवाज्याला हसू नये.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नऊ देशांना एकटे नव्हते गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन गेले होते. स्वित्झर्लंडच्या डोंगरावर त्यांना खाली उतरायला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. त्यात म्हातारीने बर्फ मुठीत घेतला, आणि तो वितळेपर्यंत मूठ उघडली नाही. हे सांगताना गृहस्थांचा आवाज जरा बदलला. ती वीस मिनिटं आमच्या व्हिएन्नाच्या आठ दिवसांपुढे कमी भरतील, असं म्हणणारा मी कोण?

शिवाय संथपणाही आता दुकानात आलाच आहे. झरमॅटहून सेंट मॉरिट्झला जाणारी 'ग्लेशियर एक्स्प्रेस' स्वतःची जाहिरातच जगातली सर्वांत मंद एक्स्प्रेस म्हणून करते. २९१ किलोमीटरला सुमारे आठ तास. ही गाडी २५ जून १९३० ला सुरू झाली, आणि आपली डेक्कन क्वीन त्याच महिन्याच्या १ तारखेला. एक वेगाची मिजास करत जन्मली, दुसरी आज मंदपणाची करते. आपल्या पॅसेंजर गाड्या पिढ्यान् पिढ्या याहून हळू धावल्या, पण त्या मंदपणाचं म्हणून कुणी जादा भाडं घेतलं नाही. 'आम्ही बाई एकाच गावात राहतो' असं म्हणणाऱ्या संथ प्रवाशांचीही आता एक जात झाली आहे, आणि इतर जातींप्रमाणे तीही स्वतःला वरची समजते.

मग फरक कशात आहे? मला वाटतं, दिवसांच्या संख्येत नाही. आपण तिथे कुणाचे नोकर म्हणून हिंडतो, यात आहे.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात मोनालिसा आहे. चित्र केवढं? सत्त्याहत्तर सेंटिमीटर उंच आणि त्रेपन्न रुंद. आपल्या घरातल्या आजोबांच्या फोटोपेक्षा थोडं मोठं. तिच्यापुढे माणसांचा समुद्र, आणि प्रत्येकाचा हात वर. तिच्या समोरच्याच भिंतीवर त्या संग्रहालयातलं सर्वांत मोठं चित्र आहे, व्हेरोनेझेचं, १५६३ सालचं. जवळजवळ दहा मीटर रुंद. त्याच्याकडे सगळ्या दुनियेची पाठ. विषय काय, तर लग्नाची पंगत! बायबलातली गोष्ट. ऐन जेवणात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. पंगत बसलेली आणि जिलबी संपलेली, हे संकट मराठी वधूपित्याला कळणार नाही तर कुणाला? आम्ही दोघं त्या लग्नात तासभर जेवलो. हिने वाढपी मोजले. आमच्यामागे लोक मोनालिसा वसूल करत होते.

१९११ साली हीच मोनालिसा चोरीला गेली होती. तेव्हा लोक तिची रिकामी जागा बघायला रांग लावून आले. पुरावाच हा! बघायचं काही उरलेलं नसताना बघून येता येतं, तर मग आपण बघतो कशासाठी? परत येऊन सांगण्यासाठी. पैसे खर्च झालेले असतात, ते आपल्याला दामटत असतात: ऊठ, चल, अजून दोन चर्च राहिली. अहो, गेलेले पैसे ते गेले. त्यांचे दिवस घालायला युरोपपर्यंत कशाला जायचं? म्हातारीने बर्फ मुठीत धरला तेव्हा ती कुणाची नोकर नव्हती. वीस मिनिटंच, पण ती तिची होती.

व्हेनिसने तर हा हिशेब आता उलटाच केला आहे. २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक दिवशी, एका दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडू लागलं. सुरुवात पाच युरोंनी झाली. रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ. म्हणजे बसण्याचे पैसे होतेच, आता धावण्याचेही झाले. पैसे दोन्हीकडे जाणार. कशाचे द्यायचे एवढंच आपल्या हातात.

आमचं पुष्कळ बघायचं राहिलं. व्हिएन्नातला शॉनब्रुन राजवाडा आम्ही बाहेरूनच बघितला, कारण बाग चांगली होती. रोममधली निम्मी चर्चेस राहिली. पूर्वी 'राहिलं' म्हटलं की पोटात कालवायचं. आता वाटतं, कुणाच्या घरी गेल्यावर आपण त्यांची सगळी कपाटं उघडून बघत नाही. तसंच हे. आणि आपल्या भाषेत निघताना कुणी 'जातो' म्हणतच नाही, 'येतो' म्हणतो. काहीतरी राहिलेलं असल्याशिवाय 'येतो' म्हणायला अर्थ काय?

रोममध्ये त्रेवी कारंज्यावर याचीच रीत आहे. कारंज्याकडे पाठ करायची, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं मागे टाकायचं, म्हणजे माणूस रोमला परत येतो. ही नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात, तेव्हा तेही वाया जात नाही. आमचे गुडघे लक्षात घेता परत येण्याचा प्रश्न जरा नाजूक होता. मी खिशातून दोन नाणी काढली.

ही म्हणाली, "एकच पुरे."

"अगं, माणशी एक असतं."

"दोघांत एकच टाकू. म्हणजे एकट्याला येता यायचं नाही."