लाडक्या नटाचे अपयश

ज्या नटावर आपण जीव लावला, त्याचे काम फसले असता ‘फसले’ असे म्हणणे ही कृतघ्नता होय काय? परभणीस आमच्या घरी परवा सहकुटुंब ‘धर्मात्मा’ हा जुना बोलपट पाहिला, तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

प्रभात कंपनीच्या १९३५ सालच्या या बोलपटात व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. आम्हां परभणीकरांस हा योग दुहेरी जिव्हाळ्याचा. नाथांच्या पैठणास वाहणारी गोदावरीच पुढे आमच्या जिल्ह्यात जनाबाईंच्या गंगाखेडास येते; आणि बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकतच आमची वडील मंडळी वाढली. असे असूनही चित्रपट संपला तेव्हा घरात कोणी बोलेना. अखेर वडिलांच्या तोंडून एवढेच निघाले, “गाणी मात्र गोड आहेत हो.” त्या ‘मात्र’मध्ये सारा निकाल आला.

परंतु निराशा दोन प्रकारची असते, आणि त्या दोहोंची गल्लत करणे हा अन्याय होय. आम्हांस ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी व ‘एकच प्याल्या’तील सिंधू हवी होती, समोर आले ते पुरुषवेषातील सत्तेचाळीस वर्षांचे नारायणराव राजहंस. ही निराशा आमच्या हट्टाची. तिचा दोष नटाच्या माथी मारता येणार नाही. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांची ही कथा. माणसाची पारख बाह्य उपाधींवरून करू नये, हे आम्ही पडद्यावर पाहून माना डोलावल्या, आणि नटाची पारख मात्र शालूवरून केली!

दुसरी निराशा प्रत्यक्ष कामाची. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून रंगभूमीवर घडविलेला अभिनय जवळ आलेल्या कॅमेऱ्यापुढे संथ व ठरीव भासतो. गाणे सुरू झाले की नाथ लोपतात आणि गंधर्व तेवढे उरतात. हे दिसत असता ‘वा, वा’ म्हणणे ही निष्ठा नव्हे. कारण फसलेल्या कामासही जो तीच दाद देतो, त्याने सिंधूला दिलेली दादही कवडीमोलाची ठरते. खोटी स्तुती लाडक्या नटाच्या खऱ्या यशालाच बाधते.

प्रेक्षकांनी त्या काळी या नाथांचे स्वागत केले नाही. प्रभातशी सहा चित्रपटांचा झालेला करार एकावरच संपला आणि बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांकडे वळले. त्या प्रेक्षकांत आपल्या हट्टापायी रुसलेले किती आणि काम पारखून निराश झालेले किती, हे आता कोण सांगणार? आम्हांस आपल्यापुरते तरी उत्तर देता आले पाहिजे. प्रेमाने सत्य झाकू नये. पण सत्य सांगण्यापूर्वी आपल्या मागणीत कितपत न्याय होता, हे प्रेमानेच तपासावे. वडिलांच्या त्या एका वाक्यात हे दोन्ही होते, असे आता आम्हांस वाटते.