जुनी गाडी आणि विकणाऱ्याचे मौन

बैल विकत घेताना त्याचे दात पाहण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बाजारात नवखा शेतकरी सहसा एकटा येत नाही. गावातला एखादा जाणता म्हातारा बरोबर घेऊन येतो. तो म्हातारा जबडा उघडतो, खूर पाहतो, बैलाला चार पावले चालवून बघतो आणि मगच रुमालाखाली बोटांची भाषा सुरू होते. मोटारीला दात नसतात. तिची धाव सांगणारा किलोमीटरचा आकडा असतो, पण तो मागे फिरविता येतो. आणि आयुष्यात प्रथमच गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाबरोबर बहुधा जाणता म्हाताराही नसतो. साठविलेले दोन-तीन लाख रुपये, घरच्यांचा उत्साह आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील सज्जनपणा, एवढ्याच शिदोरीवर तो व्यवहाराला उभा राहतो. अशा वेळी विकणाऱ्याने न विचारलेले दोष आपण होऊन सांगावेत काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे; पण आमच्या मते तो नीतीच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे.

आमच्यापुढे हा प्रश्न प्रथम आला तो एका तरुण शिक्षकाच्या रूपाने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या जिल्ह्यांत महापूर आला, तेव्हा माणसांच्या घरांबरोबर त्यांच्या दारातील गाड्याही पाण्यात गेल्या. पुढे त्यांतल्या काही स्वच्छ होऊन, नव्या गाद्या लेवून, विक्रीस उभ्या राहिल्या. त्यांपैकीच एक या शिक्षकाच्या वाट्याला आली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या विजेच्या जोडण्या एकामागून एक निकामी होऊ लागल्या. मेस्त्रीने पायाखालचे जाजम उचलले तेव्हा त्याच्या तळाशी वाळलेला गाळ निघाला आणि आसनाचे बोल्ट गंजाने खाल्लेले दिसले. "वकीलसाहेब, याला फसवणूकच म्हणायची ना?" असे त्याने आम्हांस विचारले. आम्ही उलट विचारले, "गाडी पाण्यात बुडाली होती काय, असे आपण त्यांना विचारले होते?" तो गप्प राहिला. त्याने विचारले नव्हते. आणि विकणाऱ्याने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सतरावे कलम आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. परिणाम करू शकणाऱ्या गोष्टीविषयी नुसते मौन पाळणे म्हणजे कपट नव्हे, मात्र परिस्थितीमुळे बोलणे हे कर्तव्य ठरत असेल, अथवा मौनच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी, असा त्याचा आशय. सोबत दृष्टान्त दिले आहेत, आणि त्यांतले पहिले तीन एका घोड्याचे आहेत. पहिल्यात एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो व दोषाविषयी काही बोलत नाही. हे कपट नव्हे. दुसऱ्यात घोडा तोच, मौनही तेच. परंतु घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, म्हणून दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन". त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन शब्दांच्याच तोलाचे.

दोष जाणूनबुजून झाकणे हे कपट, हेही कायदा सांगतो. परंतु नव्या गाद्या घालणे हे झाकणे की नुसती टापटीप, हे न्यायालयात शाबीत करणे किती कठीण! शिवाय एकोणिसावे कलम असे म्हणते की, साधारण दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते तेथे मौनाचे निमित्त करून करार मोडता येत नाही. आणि जाजम उचलण्यास काही विद्वत्ता लागत नाही. त्या शिक्षकाला आम्ही हे सारे समजावून सांगितले. तो आभार मानून गेला. आमचा सल्ला अचूक होता, तरी तो देताना आमच्या मनाला बरे वाटले नाही.

पुढे दैवाने आमचीच परीक्षा घेतली. आमची अकरा वर्षांची गाडी आम्ही विकावयास काढली. तिचा गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरला चढावर कुरकुरत असे. दुरुस्तीस वीस-एक हजार लागतील असे मेस्त्रीने सांगितले होते. पाहावयास आलेली बाई रुग्णालयात परिचारिका होती. रात्रपाळीहून एकटीने परतणे नको, म्हणून ती आयुष्यातली पहिली गाडी घेत होती. तिने सपाट रस्त्यावर एक फेरी मारली आणि म्हणाली, "तुम्ही वकील आहात, म्हणजे मला वेगळे काही बघायला नको." आम्ही हसलो आणि काही बोललो नाही. ती गेल्यावर घोड्याचा तिसरा दृष्टान्त आठवला, आणि पाठोपाठ दुसराही. संध्याकाळी दूरध्वनी करून आम्ही तिला दोष सांगितला व वीस हजार कमी केले. हे येथे मोठेपणासाठी सांगत नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत आम्ही गप्प होतो, आणि त्या काही तासांत आम्ही त्या पूरग्रस्त गाडीच्या मालकाहून तसूभरही वेगळे नव्हतो, हे सांगावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, घेणाऱ्यालाही डोळे आहेत; त्याच्या आळसाचा भार विकणाऱ्याने का वाहावा? आक्षेप रास्त आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रानेही घेणाऱ्यावर परीक्षेची जबाबदारी टाकली होती. परंतु तिच्यासाठी त्याला अवधीही दिला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत लोखंडाच्या परीक्षेस एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच, रत्नास सात आणि बियाण्यास दहा दिवस सांगितले आहेत. दोष जितका खोल, तितका अवधी अधिक, असे त्यामागील शहाणपण आम्हांस दिसते. आज जुनी गाडी घेणाऱ्याला मिळतो तो अर्धा तास, तोही विकणाऱ्याला शेजारी बसवून. जे डोळ्यांना दिसते त्याची जबाबदारी घेणाऱ्याची खरी. पण जे केवळ दोन वर्षे गाडी वापरल्यानेच कळते, ते ज्ञान एकट्या विकणाऱ्यापाशी असते. त्या ज्ञानाची विक्री न करता नुसत्या लोखंडाची विक्री करणे, हा अर्धाच व्यवहार होय.

मौनाचा फटका एकट्या घेणाऱ्याला बसतो असेही नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली ज्या कार्यासाठी त्यास नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्यात या निबंधाला मानाचे स्थान आहे. त्याचा युक्तिवाद सोपा आहे. चांगली गाडी कोणती व वाईट कोणती हे घेणाऱ्यास कळत नसेल, तर तो दोहोंना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक गाडी विकावयास काढीतच नाही, आणि हळूहळू बाजारात वाईटच गाड्या उरतात. म्हणजे प्रामाणिक माणसाच्या गाडीची किंमत अप्रामाणिक माणसाच्या मौनाने उतरते.

तेव्हा प्रथमच गाडी घेणाऱ्यास आमचे सांगणे असे. विचारा, आणि लेखी विचारा. अपघात, पूर, थकलेले कर्ज, दंडाच्या पावत्या, खरी धाव, मोठी दुरुस्ती. या प्रत्येकाचे उत्तर सहीनिशी घ्या. जो प्रश्न विचारला गेला, त्याच्यापुढे मौनाला कायद्याचा आडोसा उरत नाही. आपल्या विश्वासातला मेस्त्री न्या. गाडी थंड असताना सुरू करून पाहा, चढावर चालवा, जाजम उचला. नोंदणीपुस्तकातील चॅसिस व इंजिनचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घ्या. आमच्या सीमाभागात गोव्याची किंवा महाराष्ट्राची गाडी घेण्याचा मोह नेहमीचा; पण तिला मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची तर तेथे नवी नोंदणी व कर चुकत नाही. तो खर्च धरूनच भाव ठरवावा. नोंदणी आपल्या नावे करून घेण्यात दिरंगाई नको. विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की, पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

एवढे करूनही काही प्रश्न सुचावयाचे राहतातच. अज्ञानाचे दुर्दैव हेच की, काय विचारावे तेही त्याला ठाऊक नसते. तेथून पुढे भिस्त विकणाऱ्याच्या मनावर. कायद्याने घोड्याच्या दृष्टान्तात बापाला बोलावयास लावले, ते रक्ताच्या नात्यामुळे. पण त्या नात्यात असे कोणते बळ होते? एक सारे जाणतो, दुसरी काहीच जाणत नाही, आणि तरीही ती त्याच्यावर विश्वास टाकते, एवढेच ना? मग आपल्या दारी पैसे मोजून उभा राहिलेला प्रत्येक नवखा माणूस त्या मुलीच्याच जागी उभा नसतो काय? कायदा त्याला आपली मुलगी म्हणावयास लावू शकत नाही. ते आपले आपणच म्हणावयाचे असते, आणि तेही किल्ली हातातून जाण्यापूर्वी.